पट्टी घडीपाशी वाकते, रूलर सरकतो, दोरे तुटत नाहीत: रोटरी कटरच्या तक्रारी आणि त्यांची कारणं

नव्याने क्विल्टिंग, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधडीसारखी पांघरुणं शिवणं, सुरू केलेल्यांचं घोडं शिवणापाशी फारसं अडत नाही, कापण्यापाशी अडतं. कापायचं ते रोटरी कटरने, म्हणजे मुठीला गोल, फिरतं पातं असलेल्या हत्याराने, खाली कापायची मॅट अंथरून आणि वर रूलर धरून. तक्रारीही ठरलेल्या असतात. पट्टी उलगडली की मधोमध कोपरा निघतो. रूलर सरकतो. चार पदरांतले खालचे दोन कापलेच जात नाहीत. आणि या सगळ्याच्या वर, "मला त्या गोल पात्याची भीतीच वाटते." मग कटर खणात जातो, कात्री बाहेर येते, आणि पुन्हा कधी हौस आली की हेच सगळं नव्याने सुरू होतं.

"सराव करा, हात बसेल" असा सल्ला सगळे देतात. मला तो अर्धाच वाटतो. चूक कशाने होते हे कळलं नसेल तर सराव चुकीचाच होतो आणि चूकच हातात बसते. कापलेलं कापड नीट पाहिलं तर दोष पात्याचा आहे, रूलरचा, घडीचा की टेबलाचा, हे तेच सांगतं. नवशिक्याला धीटपणा येतो तो या ओळखीतून.

आपल्याकडच्या गोधडीत तुकडे एकमेकांवर चढवून धावदोरा घालतात, त्यामुळे तुकडा इकडेतिकडे झाला तरी तो खपून जातो. चौकोनांच्या ब्लॉकचं क्विल्ट मात्र हिशेबी असतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिलिमीटर. एका ओळीतले आठही चौकोन अर्ध्या सुताने लहान कापले गेले तर ती ओळ चार सूत, म्हणजे तब्बल अर्धा इंच, आखूड भरते. शेजारची ओळ बरोबर असेल तर दोघींचे कोपरे जुळणं शक्यच नाही.

आधी बघा, दोष कापण्याचाच आहे का

कोपरे जुळले नाहीत की पहिलं खापर कटरवर फुटतं. बऱ्याचदा कटर निर्दोष असतो आणि माया, म्हणजे शिवणीबाहेर कडेला सोडलेलं कापड, कमीजास्त गेलेली असते. क्विल्टिंगमधली माया पाव इंचाची, म्हणजे दोन सुतांची. ब्लाउजला अर्धा-पाऊण इंच माया ठेवायची सवय असलेल्या हाताला ती फारच थोडी वाटते आणि शिलाई नकळत आत सरकते.

तपासायची सोपी रीत अशी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा. शिवण्याआधी प्रत्येक पट्टीची रुंदी तीन ठिकाणी मोजा: दोन्ही टोकांना आणि मध्ये. मग तिन्ही शेजारी शेजारी जोडा, माया एका बाजूला वळवून इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर १ इंच भरली पाहिजे. कापलेल्या पट्ट्या दीड इंच होत्या आणि मधली १ इंचापेक्षा कमी भरली, तर माया जास्त जाते आहे. कटरला दोष देऊ नका. माया दोन सुतांपेक्षा केसभर कमी घ्यावी लागते, कारण शिवण वळवताना दोऱ्याची आणि दुमडीची जाडी थोडं कापड खाते. पट्ट्या मुळातच कुठे दीड, कुठे दीडला अर्धा सूत कमी असतील, तर पुढे वाचा.

पट्टी उलगडल्यावर घडीपाशी कोपरा

सगळ्यांत जास्त वेळा येणारी आणि सगळ्यांत जास्त गोंधळात टाकणारी तक्रार हीच. कापताना रेघ सुतासारखी सरळ दिसते. पट्टी उलगडली की घडीच्या जागी बाणाच्या टोकासारखा कोपरा असतो.

कारण सरळ भूमितीचं आहे. कापड किनारीला किनार (विणतानाच तयार झालेली, दोरे न सुटणारी उभी कड) लावून दुमडलेलं असतं. रूलर घडीला बरोबर काटकोनात नसेल तर वरच्या पदरात जेवढा तिरकेपणा येतो तेवढाच खालच्या पदरात उलट्या बाजूने येतो. उलगडल्यावर दोन्ही मिळून दुप्पट दिसतो. ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड मध्ये दुमडलं की अर्धा भाग २२ इंच. रूलर फक्त १ अंशाने कलला तर २२ इंचांत जवळजवळ तीन सुतांचा फरक पडतो. रूलर १ अंशाने कललेला डोळ्यांना जाणवतही नाही, पण तीन सुतांचा कोपरा चांगलाच जाणवतो.

नवशिकी माणसं इथे एक गोष्ट हमखास करतात: कापडाची दुकानदाराने कापलेली कड एकावर एक जुळवतात. ती कड जुळली की घडी नीट झाली असं वाटतं. पण दुकानातली कात्री क्वचितच धाग्याला धरून चाललेली असते. जुळवायच्या त्या किनारी, कापलेली कड नव्हे. दोन्ही किनारी हातात धरून कापड समोर लोंबू द्या. घडीपाशी तिरक्या सुरकुत्या पडलेल्या दिसतील. एक किनार स्थिर धरून दुसरी हळूहळू डावी-उजवीकडे सरकवा. एका क्षणी सुरकुत्या नाहीशा होतात आणि घडी सपाट पडते. आता कापलेल्या कडा एकमेकींपासून इंच-दीड इंच दूर गेलेल्या असतील. जाऊ द्या. तेवढं कापड वाया जाणारच आहे, ते खरेदी करतानाच धरून चला.

त्यानंतर घडी मॅटवर आपल्याकडे, किनारी पलीकडे. उजव्या हाताने कापणाऱ्यांनी कापडाचा मोठा भाग डावीकडे ठेवावा आणि वेडीवाकडी कड उजवीकडे. रूलरवरची एखादी आडवी रेघ घडीवर तंतोतंत बसवा. रूलरची उभी कड कापडाच्या कडेवर बसते का, हे या वेळी बघायचंच नाही. बघायची ती घडी. मग वेडीवाकडी कड छाटून टाका. आता कापडाला हात न लावता मॅटच अर्धा फेरा फिरवा. ताजी कापलेली कड डावीकडे येईल. मॅट फिरवायला जागा नसेल तर आपण टेबलाच्या पलीकडे जायचं. कापड उचलून फिरवलंत तर घडी हलली, म्हणजे केलेलं पाण्यात.

आता हव्या त्या रुंदीची रेघ ताज्या कडेवर, एक आडवी रेघ घडीवर, आणि कापा. पहिली पट्टी लगेच उलगडून बघा. सरळ असेल तर पुढच्या कापा. पण तीन-चार पट्ट्यांनंतर पुन्हा घडीला काटकोन आहे का ते तपासा आणि गरज असेल तर कड नव्याने छाटा. प्रत्येक पट्टीत राहिलेला केसभर फरक पुढच्या पट्टीत उतरतो. सातवी-आठवी पट्टी वाकडी निघते ती यामुळे, आणि "सुरुवातीला बरं जमत होतं, मग बिघडलं" असं वाटतं तेही यामुळेच.

पट्टीत एका ऐवजी तीन कोपरे येत असतील तर? मग तुम्ही कापड दोनदा दुमडलं आहे. यामागे बहुतेक वेळा मॅटचा आकार असतो. स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळणारी मॅट ए-थ्री, म्हणजे साधारण ४२ सेंटिमीटर लांब, साडेसोळा इंच. २२ इंचांची घडी तिच्यावर मावत नाही आणि सोबत घेतलेला रूलरही १२ इंचांचा असतो. म्हणून कापड आणखी एकदा दुमडून ११ इंच केलं जातं. चार पदर, तीन घड्या, आणि प्रत्येक घडी काटकोन मोडायला टपलेली. ए-टू मॅट साधारण साडेतेवीस इंच लांब असते. तिच्यावर एक घडी मावते, आणि तिच्यासोबत २४ इंची रूलर लागतो. लहान मॅटवरच भागवायचं असेल तर दुसरी घडी घालण्याऐवजी पन्हा मधोमध उभा कापून २२ इंचांचे दोन तुकडे करून घ्या. चौकोनच कापायचे असतील तर ४४ इंच लांबीच्या अखंड पट्टीची गरज तरी काय?

पट्टी एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद

इथे घडी निर्दोष आहे. रूलर कापताना फिरला. हात मध्यभागी टेकवलेला असतो, तिथे रूलर घट्ट राहतो, आणि कटर वरच्या टोकाला पोचला की त्याच्या रेट्याने वरचं टोक डावीकडे झुकतं. पट्टीची रुंदी बिघडते ती नेमकी शेवटच्या सहा-सात इंचांत. तुमच्या पट्टीत हे दिसत असेल तर निदान झालं.

उपाय हाताचा आहे. पंजा सपाट पसरून ठेवू नका, बोटं उभी करून तंबूसारखी टेकवा. बोटांच्या टोकांनी दाब जास्त मिळतो. करंगळी रूलरच्या बाहेरच्या कडेला खाली मॅटवर टेकवा, म्हणजे रूलरला मागून टेकू राहतो. अंगठ्याकडे विशेष लक्ष द्या, कारण कापायच्या कडेच्या जवळ येतो तो अंगठाच. त्याला कडेपासून निदान इंचभर आत ठेवा. मग कटर हाताच्या पातळीपर्यंत आला की थांबा. पातं कापडातच राहू द्या, उचलू नका. रूलरवरचा हात बोटाबोटाने वर चढवा, पुन्हा टेकवा, पुढे कापा. २४ इंची रूलरला असं दोन-तीनदा थांबावं लागतं. एका दमात सर्रकन कापणं व्हिडिओत छान दिसतं. नवशिक्याने त्या नादी लागू नये.

तरीही सरकतो? रूलरच्या पाठीला बारीक पॉलिश पेपरचे नखाएवढे तुकडे चिकटवा, कोपऱ्यांत आणि मध्ये. पारदर्शक अँटिस्लिप फिल्मही मिळते. पण त्याआधी कटर तिरका धरला जातोय का ते बघा. पातं मॅटला उभंच हवं. वरून बाहेरच्या बाजूला कललं तर ते खालून रूलरला ढकलतं. मग कितीही पॉलिश पेपर लावा.

रूलर कुठला, यावरही बरंच अवलंबून आहे. शाळेची प्लास्टिकची फूटपट्टी इतकी पातळ असते की पातं तिच्यावर चढतं, आणि तिथून बोट दूर नसतं. स्टीलची पट्टी तर दुहेरी नुकसान करते: पातळ असतेच, शिवाय पात्याची धार मारते. क्विल्टिंगचा रूलर अॅक्रिलिकचा, साधारण ३ मिलिमीटर जाडीचा असतो. खर्च करायचाच असेल तर तो मॅटवर किंवा महागड्या कटरवर करण्याआधी रूलरवर करा, असं माझं ठाम मत आहे.

मध्येमध्ये दोरे तसेच राहतात

इथे मोजपट्टी घ्या आणि न कापलेल्या जागांमधलं अंतर मोजा.

नेहमीचं पातं ४५ मिलिमीटर व्यासाचं असतं. त्याचा एक पूर्ण फेरा सुमारे १४१ मिलिमीटर, म्हणजे साधारण साडेपाच इंच. दर साडेपाच इंचांवर एक-दोन दोरे राहत असतील तर पात्याला एका जागी खोच पडली आहे. ती जागा फिरून फिरून कापडावर येते आणि तेवढं सोडून जाते. २८ मिलिमीटरच्या पात्याला हेच अंतर साडेतीन इंच पडेल, ६० मिलिमीटरच्या पात्याला सुमारे साडेसात. खोच बहुतेक टाचणीवरून पातं गेल्याने पडते, किंवा स्टीलच्या पट्टीला घासल्याने. दाब वाढवून काही होत नाही, पातं बदला.

दोरे ठरावीक अंतरावर न राहता मॅटच्या एकाच भागात राहत असतील तर पातं चांगलं आहे, मॅट झिजली आहे. रोज एकाच रेघेवर कापत गेलात तर तिथे खाच पडते आणि कापड तिच्यात दबतं. मॅट ९० अंशात फिरवून तेच कापड कापा. अडचण गेली तर निदान पक्कं. अधूनमधून मॅट फिरवत राहिलं की झीज सगळीकडे सारखी होते.

फक्त सर्वांत खालचा पदर राहतो? पदर जास्त आहेत किंवा धार उतरली आहे. नवशिक्याने दोन पदरांच्या पुढे जाऊ नये. ४५ मिलिमीटरच्या चांगल्या पात्याने चार पदर सहज कापले जातात हे खरं, पण हात बसेपर्यंत दोनच बरे. फक्त सुरुवातीचे किंवा शेवटचे दोरे राहत असतील तर कारण अगदीच साधं आहे: कटर कापडाच्या कडेवर टेकवून सुरुवात होते आहे. कापडाच्या अर्धा इंच आधी मॅटवर पातं टेकवा, आणि कापड संपल्यावर अर्धा इंच पुढे जाऊन थांबा.

आणि नवं कोरं पातं लावूनही कापत नसेल तर दोन शक्यता. एक, मागचा नट फार आवळला आहे, त्यामुळे पातं फिरत नाही, नुसतं घासत जातं. दुसरी, पाकिटात पाती तेलाने एकमेकांना चिकटलेली असतात आणि एकाच्या जागी दोन बसवली गेली आहेत. हे वाटतं त्यापेक्षा पुष्कळदा होतं. अर्थात पातं बदलण्याआधी एकदा कटर खोलून आतला कापसाचा भुगा फडक्याने पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. जुनं पातं त्यानेच पुन्हा चालू लागण्याची शक्यता बरीच असते.

कापडाचीही चूक असते

धुतलेलं सुती कापड मऊ पडतं, कारण गिरणीतली खळ निघून जाते. मऊ कापड पात्यापुढे सुरकुततं, रूलरखाली सरकतं, आणि कापणाऱ्याला वाटतं आपलाच हात थरथरतोय. धुऊन वाळवल्यावर खळ लावा, घरची तांदळाची किंवा बाजारातली, आणि कडक इस्त्री करा. इस्त्री मागे-पुढे घासू नका, उचलून दाबत जा. घासल्याने कापड तिरपं ताणलं जातं. पॉपलीन, केंब्रिक अशी घट्ट विणीची कापडं नवशिक्याला सोपी जातात. मलमल, सैल विणीची खादी आणि इकत खळीशिवाय हातीच लागत नाहीत. आईच्या जुन्या साड्यांचं क्विल्ट हा बहुतेकांचा पहिला बेत असतो. पण जुनी साडी कुठे विरलेली, कुठे धड अशी असते आणि जॉर्जेट तर मॅटवरून पळतंच. त्या साड्या दुसऱ्या क्विल्टसाठी राखून ठेवा.

कापड तिरपं असेल, म्हणजे उभा आणि आडवा धागा काटकोनात नसतील, तर किनारी जुळवूनही घडी बसत नाही. कापडवाले जसं टरकन फाडतात तसं फाडून बघा. सुती कापड धाग्याला धरूनच फाटतं, म्हणजे खरी दिशा कळते. मग कापड किंचित ओलसर करून जो कर्ण आखूड आहे त्या दिशेने दोघांनी धरून ओढायचं आणि सपाट वाळवायचं. उरेब (तिरप्या धाग्यात कापलेल्या) पट्ट्या कापायच्या नसतील तर तिरपा धागा क्विल्टमध्ये कुठेच नको, तो शिवताना ताणला जातो.

ब्लॉक प्रिंटमध्ये आणखी एक गंमत असते. ठसे हाताने उमटवलेले, त्यामुळे नक्षीची ओळ धाग्याला समांतर असेलच असं नाही. रेघ धाग्याला धरून कापली तर पट्टीवरची नक्षी तिरकी चालताना दिसते. अरुंद पट्ट्यांत मी नक्षीला धरून कापते आणि मोठ्या तुकड्यांत धाग्याला. याला नियम नाही, डोळ्याला काय खटकतं ते बघायचं.

आकडे बरोबर, तरी तुकडा चुकीचा

मॅटवरच्या रेघा आणि रूलरवरच्या रेघा, दोन्ही एकाच कापात वापरू नका. त्या एकमेकींशी तंतोतंत जुळतातच असं नाही. मोजायचं फक्त रूलरने, आणि एका क्विल्टला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच रूलर. आपल्याकडच्या बऱ्याच मॅटवर एका बाजूला सेंटिमीटर असतात आणि आकृतिबंध इंचांत, हेही तपासा. रूलरवरच्या रेघेलाही जाडी असते. कापडाची कड रेघेच्या आत धरायची की रेघेखाली, हे एकदा ठरवा आणि मोडू नका.

आकृतीत "३ इंचांचा चौकोन" लिहिलं असेल तर तो शिवून झाल्यावरचा आहे की कापायचा? शिवून झाल्यावरचा असेल तर दोन्ही बाजूंची माया धरून साडेतीन इंच कापायचा. चौकोन कर्णात कापून त्रिकोण करायचे असतील तर अर्धा इंच पुरत नाही, सात सूत वाढवावे लागतात.

भीती, आणि टेबलाची उंची

हे हत्यार तसं अलीकडचं. बोथट झालेलं टोक मोडून टाकता येईल असा कटर जपानमध्ये योशिओ ओकाडा यांनी १९५६ मध्ये बनवला. त्यांच्याच ऑल्फा कंपनीने १९७९ मध्ये रोटरी कटर बाजारात आणला. त्याआधी अमेरिकेतल्या क्विल्ट करणाऱ्या बायकाही पुठ्ठ्याचा साचा ठेवून, पेन्सिलने कडा आखून, एकेक तुकडा कात्रीनेच कापत. कटरने वेग वाढला आणि चूकही एकाच वेळी चार पदरांत होऊ लागली. तेव्हा वेगाची घाई सोडली तर निम्मी भीती तिथेच जाते.

उरलेली निम्मी बहुधा अंगाच्या ठेवणीत असते. जमिनीवर मांडी घालून कापणाऱ्यांना मनगटाचा जोर लावावा लागतो. खांद्याचा भार रूलरवर येतच नाही. मनगटाने ढकललेला कटर अचानक सुटतो, आणि भीती वाटते ती याचीच. उभं राहून कापा. पृष्ठभाग कमरेच्या जरा खाली-वर असावा. जेवणाचं टेबल बुटकं पडतं आणि पाठ धरते. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा उत्तम: सपाट, न हलणारा, उंचीलाही बरा. फक्त शेगडीपासून लांब आणि ओटा कोरडा करून. मॅट उष्णतेने वाकते आणि मग कधीच सरळ होत नाही. तिच्यावर इस्त्री करायची नाही, चहाचा गरम कप ठेवायचा नाही, विदर्भातल्या उन्हाळ्यात गाडीत विसरायची नाही, भिंतीला टेकवून उभी ठेवायची नाही. गादीखाली आडवी राहिली तर वर्षानुवर्षं टिकते.

कटरची मूठ तळहातात, तर्जनी मुठीच्या वरच्या खरबरीत भागावर, आणि मूठ साधारण ४५ अंशात. नेहमी आपल्यापासून दूर कापायचं. अंगाकडे ओढून कापायचं नाही, आडवंही नाही. आडवं कापावं लागतंय असं वाटलं तर मॅट फिरवा. डावखुऱ्यांनी पातं कटरच्या दुसऱ्या बाजूला बसवून घ्यावं, बऱ्याच कटरमध्ये ते जमतं. ते न करता उजव्यांचा कटर तसाच वापरला तर रेघ दिसतच नाही आणि हात कायम बिचकत राहतो. रूलर धरणाऱ्या हातात न कापला जाणारा हातमोजा घातला तर त्यात लाज कसली? पायांत चप्पल नको, बंद बूट बरे, कटर पडतो तो पायावरच.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून: कापून झालं की कटर खाली ठेवण्याआधी झाकण बंद. दोन कापांच्या मध्ये रूलर सरकवायचा असला तरी बंद. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर यात सवलत नाही. आणि बोथट पातं जास्त सुरक्षित असतं हा समज सोडा. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोराने लावलेला हात घसरला तर थांबत नाही. पुष्कळांची भीती नवं पातं बसवल्याबरोबर कमी होते, कारण त्याला जोर लागतच नाही.

कशावर हात बसवायचा

मांजरपाट चालतो, पण मी विणलेल्या चौकड्याचं कापड सुचवेन. जुनी लुंगी मिळाली तर उत्तमच. चौकडा विणलेला हवा, छापलेला नको. अशा कापडात उभ्या-आडव्या धाग्याची रेघ समोर असते, त्यामुळे पट्टी उलगडताच कुठे आणि किती चुकलं ते चौकडाच दाखवतो. मोजपट्टीही लागत नाही. अडीच इंचांच्या पट्ट्या कापा, त्यांचे चौकोन कापा, चार-चार जोडून पुन्हा मोजा. जोडलेला ठोकळा साडेचार इंच भरला पाहिजे. कागदावर सराव करू नका, कागद पात्याची धार फार लवकर उतरवतो.

कात्रीची लाज बाळगायचं कारण नाही. गोलाई, ऍप्लिकेची (कापडावर कापड शिवून केलेली) पानं-फुलं, एखाददुसरा वेडावाकडा तुकडा, हे तिचंच काम. खडूने आखून, खालचं पातं टेबलाला टेकवून, कापड न उचलता कापलं तर चौकोनही चांगले निघतात. फक्त वेळ जातो.

जुन्या पात्यांचं काय करायचं हा प्रश्न शेवटी येतोच. पहिली उतरलेली दोन-तीन पाती डबीवर "कागद" असं लिहून ठेवा, साचे कापायला येतात. कोकणात पावसाळ्यात पाती गंजतात, म्हणून डबीत तेलाचा हात फिरवलेलं फडकं आणि सिलिका जेलची पुडी टाका. जी पूर्ण संपली ती सुट्टी कचऱ्यात टाकू नका. कचरा हाताने वेगळा करणाऱ्यांचे हात त्यात जातात. गोळ्यांची रिकामी, घट्ट झाकणाची बाटली घ्या, पाती तिच्यात साठवत जा, भरली की झाकणावर चिकटपट्टी गुंडाळा, वर ठळक अक्षरांत "धारदार पाती" लिहा आणि कचरा न्यायला येणाऱ्यांच्या हातात सांगून द्या.